अपघात माझा, सूट कंपनीची : मोटार विम्याचे अर्ज तयार करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मोटार विम्याचे प्रस्ताव-अर्ज तयार करणारे आणि ते तपासणारे सर्व अधिकारी

विषय : स्वतःच्या गाडीचा विमा घेताना कंपनीच्या गाडीवर झालेल्या जुन्या अपघातांची माहिती देण्याबाबत

स. न. वि. वि.

नोकरीची अकरा वर्षे मी कंपनीने दिलेल्या गाड्या चालवल्या. पेट्रोल कंपनीचे, सर्व्हिसिंग कंपनीचे, विमाही कंपनीचा. माझे म्हणण्यासारखे त्यात एक लायसन होते. नोकरी सोडल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गाडी घेतली आणि तिच्या विम्यासाठी एका संध्याकाळी दोन वेगवेगळ्या विमा कंपन्यांचे अर्ज भरायला बसलो. पहिल्या अर्जात प्रश्न होता : ‘गेल्या पाच वर्षांत आपण मोटार विम्याचा दावा केला आहे का?’ दुसऱ्या अर्जात होता : ‘गेल्या पाच वर्षांत, चूक कोणाचीही असो, आपला अपघात झाला आहे का किंवा आपण चालवत असलेल्या वाहनाचे नुकसान झाले आहे का?’ पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असे होते, कारण मी जन्मात कधी विम्याचा दावा केलेला नाही. दुसऱ्याचे खरे उत्तर ‘होय, तीनदा’ असे होते. एकाच माणसाने एकाच बैठकीत दिलेली ही दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती, आणि तरीही त्यांतले पहिले उत्तर पुढेमागे मला खोटे ठरवू शकेल, ही जाणीव मला त्याच क्षणी झाली. हे पत्र त्या जाणिवेतून लिहीत आहे.

त्या तीन घटना आधी सांगतो, म्हणजे मी काही लपवून तक्रार करतो आहे असे वाटायला नको. पहिली घटना तळघरातल्या पार्किंगमधली. गाडी मागे घेताना डावीकडचा मागचा दिवा खांबाला लागून फुटला आणि बंपर चेपला. खांबावर पिवळेकाळे पट्टे ठळक रंगवलेले होते, त्यामुळे चूक कोणाची याबद्दल खांबाचे आणि माझे दुमत नाही. दुसऱ्या घटनेत पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा समोरच्या काचेवर बसला आणि संध्याकाळपर्यंत तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. तिसऱ्या घटनेत मी सिग्नलला थांबलेलो असताना मागून आलेल्या गाडीने धडक दिली. चूक पूर्णपणे त्या चालकाची होती आणि त्याने ती जागेवरच कबूल केली.

तिन्ही वेळा मी कंपनीच्या वाहतूक विभागाचा एक पानी घटना-अहवाल भरून दिला. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, मीटरचा आकडा, चार ओळींत हकीकत आणि खाली सही. दोन-तीन दिवसांत गाडी दुरुस्त होऊन परत आली. दुरुस्तीला किती खर्च आला, तो कोणी दिला, विमा कंपनीला कळवले की गॅरेजचे बिल परस्पर चुकते केले, यातले काहीही मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. विचारायचे कारणच नव्हते. वाहनांच्या ताफ्याचा विमा आपणच देता, तेव्हा हे आपल्याला मी सांगायला नको की अशा विम्यात प्रत्येक नुकसानीतला ठरावीक हिस्सा बहुधा कंपनीने स्वतः सोसायचा असतो, आणि दिवा-बंपरसारखी किरकोळ दुरुस्ती त्या हिश्श्याच्या आतच आटोपते. म्हणजे घटना घडलेली असते, नुकसान झालेले असते, पण दावा मात्र झालेलाच नसतो. किंवा झालेला असतो आणि चालकाला त्याचा पत्ता नसतो.

आता आपला अर्ज या माणसाला काय विचारतो ते पाहा. दुसऱ्या अर्जात मी ‘होय’वर खूण केली, तेव्हा खाली आणखी चार रकाने उघडले : घटनेची तारीख, प्रकार, चूक कोणाची आणि दाव्यापोटी मिळालेली रक्कम. चारही सक्तीचे. रकमेच्या रकान्यात मी ‘माहीत नाही’ असे लिहून पाहिले, तर फक्त आकडा टाका, असा लाल अक्षरांतला इशारा आला. शून्य टाकले तर अर्ज पुढे सरकला. पण शून्य हे उत्तर खरे होते का? त्या दुरुस्तीवर कोणीतरी पैसे नक्कीच खर्च केले होते. तारखेचेही तेच. काच कोणत्या महिन्यात फुटली हे मला पावसाळ्याच्या आधी की नंतर एवढ्याच अंदाजाने आठवत होते, आणि अर्जाला दिवस हवा होता. ज्या अर्जाच्या तळाशी ‘वरील सर्व माहिती खरी आणि पूर्ण आहे’ अशा प्रतिज्ञेखाली मी सही करणार होतो, त्याच अर्जाने मला अंदाजाने तारीख आणि सोयीने रक्कम लिहायला लावली.

मधल्या काळात एका विमा एजंटचा सल्लाही घेतला. त्याने हात झटकून सांगितले, “साहेब, ते कंपनीच्या गाडीचं आहे, कंपनीच्या खात्यात. तुम्ही कशाला लिहिता? हात दाखवून अवलक्षण!” सल्ला व्यवहारी होता आणि माझ्या मते चुकीचा होता. आपला प्रश्न चालकाबद्दल असेल तर गाडी कोणाच्या नावावर होती याने उत्तर बदलत नाही. खांबावर गाडी नेणारा माणूस नोकरी सोडल्यावर बदलत नाही. धोका माणसात असतो, नोंदणीच्या पुस्तकात नसतो. म्हणून जुन्या घटना विचारण्याच्या आपल्या अधिकाराला माझा विरोध नाही. माझी हरकत आहे ती आपण ज्या पद्धतीने विचारता तिला, आणि अस्पष्ट विचारून नंतर स्पष्ट उत्तर न मिळाल्याचा दोष विमेदाराच्या माथी मारण्याला.

या बाबतीत विमा व्यवसाय नेहमी परम सद्भावाच्या, म्हणजे करारात महत्त्वाची माहिती न दडवता प्रामाणिकपणे वागण्याच्या, तत्त्वाचा आधार घेतो, आणि त्याचे मूळ म्हणून 1766 चा कार्टर विरुद्ध बोहम हा इंग्लंडमधला खटला सांगितला जातो. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरो या ठाण्याच्या गव्हर्नराने, ठाणे परकीय शत्रूच्या हाती पडले तर भरपाई मिळावी म्हणून विमा घेतला होता. 1760 मध्ये फ्रेंचांनी ते ठाणे घेतले, आणि ठाण्याची कमकुवत अवस्था आपल्यापासून लपवली, असे म्हणून विमा देणाऱ्याने पैसे नाकारले. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्या निकालात सांगितले की विम्याच्या धोक्याची माहिती बहुतेक वेळा एकट्या विमेदाराकडेच असते, म्हणून त्याने ती दडवून समोरच्याला फसवू नये. हे वाक्य अडीचशे वर्षे उद्धृत होत आले आहे. त्या खटल्याचा निकाल मात्र गव्हर्नराच्या बाजूने लागला, ही गोष्ट त्या मानाने क्वचितच सांगितली जाते. ज्या गोष्टी विमा देणाऱ्याला माहीत असू शकत होत्या, किंवा ज्या त्याने विचारून घ्यायला हव्या होत्या, त्यांबद्दल आधी गप्प बसून हप्ता घ्यायचा आणि नुकसान झाल्यावर तक्रार करायची, हे मॅन्सफिल्ड यांना मान्य नव्हते. सद्भाव दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, असे त्या तत्त्वाच्या जन्मापासूनच ठरलेले आहे.

पुढे ब्रिटनच्या 1906 च्या सागरी विमा कायद्याने हे ओझे विमेदाराकडे बरेच झुकवले. शहाण्या विमा कंपनीच्या निर्णयावर ज्या गोष्टीचा प्रभाव पडेल अशी प्रत्येक गोष्ट त्याने न विचारताही सांगायची, असे त्यात ठरले. सामान्य माणसाला शहाणी विमा कंपनी कसा विचार करते हे कसे कळावे, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नसावा, कारण तो कायदा जहाजमालक आणि व्यापारी यांच्यासाठी होता. अलीकडच्या कायद्यांनी तो काटा पुन्हा मागे फिरवला आहे. जर्मनीत 2008 पासून लागू असलेल्या विमा करार कायद्यानुसार विमा कंपनीने लेखी मजकुरात जे विचारले तेवढ्याचेच उत्तर देणे विमेदाराला बंधनकारक आहे. ब्रिटनने 2012 मध्ये ग्राहकांच्या विम्यासाठी वेगळा कायदा केला, जो 6 एप्रिल 2013 पासून अमलात आला. त्यात आपण होऊन सगळे सांगण्याचे कर्तव्य काढून टाकून, चुकीची माहिती दिली जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य आले. ही काळजी वाजवी होती की नाही हे ठरवताना विमा कंपनीचे प्रश्न किती स्पष्ट आणि नेमके होते हेही पाहावे, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. ऑस्ट्रेलियानेही ग्राहकांच्या विम्यासाठी अशाच कर्तव्याचा स्वीकार 5 ऑक्टोबर 2021 पासून केला.

या सगळ्याचा माझ्या दोन अर्जांशी संबंध असा की ‘आपण दावा केला आहे का’ या प्रश्नाला कंपनीच्या गाडीच्या चालकाने दिलेले ‘नाही’ हे उत्तर खोटे नाही. ते आपल्याला हवे असलेले उत्तर नसेल, तर दुरुस्ती प्रश्नात व्हायला हवी.

यावर आपल्याकडून असे सांगितले जाते की प्रामाणिक चुकीसाठी आम्ही पॉलिसी रद्द करत नाही, फक्त प्रमाणात कपात करतो. ही कपात प्रत्यक्षात कशी बसते ते एकदा आकड्यांत मांडतो, कारण विमा घेणाऱ्या बहुतेकांनी हा हिशेब कधी पाहिलेला नसतो. समजा, जुनी घटना लिहिली नाही म्हणून मी 8 भाग हप्ता भरला, आणि ती लिहिली असती तर आपण 10 भाग घेतले असते. अशा वेळी ब्रिटिश कायद्यातल्या निष्काळजी चुकीच्या नियमानुसार कोणत्याही दाव्याचे 100 पैकी 80 भागच मिळतात. फ्रान्सच्या विमा संहितेतही, लबाडी नसेल आणि चूक नुकसानीनंतर उघड झाली असेल, तर याच तत्त्वाने भरपाई कमी होते. म्हणजे फुटलेल्या दिव्याची गोष्ट न लिहिल्यामुळे वाचलेले 2 भाग हप्त्यातले असतात, पण गमावलेले 20 भाग पूर्ण मोडलेल्या गाडीच्या किमतीतले असतात. आणि ती घटना कळली असती तर आम्ही विमाच दिला नसता, असे आपण दाखवू शकलात, तर दाव्यातले काहीच हाती लागत नाही, फार तर हप्ता परत मिळतो. ज्या एजंटने मला ‘लिहू नका’ म्हणून सांगितले त्याला या हिशेबाची कल्पना होती की नाही, मला शंका आहे. ती असती तरी सही माझीच असणार होती.

लिहायचे ठरवले, तर लिहायला पुरावा कुठून आणायचा? मी माझ्या जुन्या कंपनीच्या वाहतूक विभागाला पत्र पाठवून गेल्या पाच वर्षांतल्या माझ्या घटनांचा दाखला मागितला. तिथल्या सज्जन माणसाने फोन करून सांगितले की त्यांच्या तक्त्यात नोंदी गाडीच्या क्रमांकाने ठेवलेल्या आहेत, चालकाच्या नावाने नाहीत. शेवटची दोन वर्षे तर मी सामायिक गाड्या वापरत होतो, म्हणजे सकाळी ज्याला जी किल्ली मिळेल ती त्याची. पहिल्या दोन गाड्या विकून झाल्या होत्या आणि त्यांच्या फायली गाड्यांबरोबरच गेल्या होत्या. मग ताफ्याचा विमा ज्या कंपनीकडे होता तिला लिहिले. उत्तर आले की विमाधारक आपण नसून आपली माजी कंपनी आहे, त्यामुळे गोपनीयतेच्या कारणाने आम्ही आपल्याला माहिती देऊ शकत नाही. माझ्याच अपघातांची माहिती मलाच मिळेना. उद्या माझा दावा आला की ती शोधून काढायला मात्र आपल्या तपासनिसांना वेळ लागणार नाही, कारण आपल्याकडे परस्परांच्या नोंदी पाहण्याची साधने आहेत. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांच्या दाव्यांची सामायिक नोंदवही 1994 पासून आहे. अशी साधने हाताशी असताना ती अर्जाच्या वेळी न वापरता दाव्याच्या वेळी उघडायची, याला आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात. फरक इतकाच की इथे ती दिरंगाई विमा कंपनीच्या फायद्याची ठरते.

याहून मला जास्त खटकणारी गोष्ट वेगळी आहे. अकरा वर्षांपैकी सहा वर्षे माझ्या हातून एक ओरखडाही उमटला नव्हता. त्या सहा वर्षांबद्दल मी नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केलेल्या वर्षांसाठी हप्त्यात मिळणारी सूट, मागितला तेव्हा मला सांगण्यात आले की तो विमाधारकाचा हक्क आहे, आपल्या नावावर पॉलिसीच नव्हती, म्हणून आपली सुरुवात शून्यापासून. बरोबर आहे. मग पुढच्या पाच वर्षांतल्या तीन घटना माझ्या नावावर कशा आल्या? सुरक्षित चालवलेली वर्षे कंपनीची आणि ठोकलेली वर्षे माझी, हा हिशेब आपल्या कोणत्याही गणितज्ञाने सरळ चेहऱ्याने समजावून सांगावा. धोका माणसात असतो, हे मी वर आपल्या बाजूने मान्य केले आहे. ते मान्य करायचे तर नुकसानीच्या वेळी आणि सवलतीच्या वेळी सारखेच मान्य करायला हवे. काही विमा कंपन्या मालकाच्या लेटरहेडवरील पत्र पाहून कंपनीच्या गाडीवरची विनादावा वर्षे धरतात, हे मला ठाऊक आहे. पण ती सोय विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, अर्जात तिच्यासाठी रकाना नसतो, आणि ते पत्र मिळणे किती कठीण असते ते वर सांगितलेच आहे.

शिवाय आपला अर्ज किलोमीटर विचारतो ते यापुढे मी किती चालवणार याचे. मागे किती चालवले हे कोणी विचारत नाही. मी कामासाठी वर्षाला साधारण 35 हजार किलोमीटर फिरत होतो, म्हणजे त्या तीन घटना पावणेदोन लाख किलोमीटरमधल्या आहेत. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवून तीनदा ठोकणारा माणूस आणि मी आपल्या लेखी एकाच रांगेत उभे आहोत. मी स्वतःला फार मोठा चालक समजतो अशातला भाग नाही, खांबाची गोष्ट मी आधीच सांगितली आहे. पण भागाकारातला छेद गाळून काढलेले उत्तर विम्याच्या धंद्यात चालते, याचे नवल वाटते.

म्हणून आपल्याला विनंती अशी की अर्जात ‘दावा’, ‘अपघात’, ‘नुकसान’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, आणि कंपनीच्या, भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या गाडीवर झालेल्या घटना हव्या असतील तर तसे एका स्वतंत्र वाक्यात विचारावे. काच फुटणे, उभ्या गाडीवर दुसऱ्याने ओरखडा काढणे, माझ्या नावे दिलेली गाडी सहकाऱ्याने ठोकणे, यांतले काय धरायचे आणि काय नाही ते प्रश्नाच्या खालीच लिहावे. गाडीत बसवलेल्या उपकरणाने जोरात ब्रेक मारल्याची नोंद कंपनीला पाठवली तर तीही घटना म्हणायची का, असे माझ्या एका सहकाऱ्याने मला गंभीरपणे विचारले होते आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. रक्कम आणि तारीख यांच्या रकान्यात ‘माहीत नाही’ आणि ‘अंदाजे’ या उत्तरांना जागा असावी. ती उत्तरे आली तर पॉलिसी देण्यापूर्वी आपण चौकशी करावी, आणि चौकशी न करता हप्ता घेतलात तर पुढे त्याच मुद्द्यावर दावा कापू नये.

दाखल्याचा प्रश्न तर पूर्णपणे आपल्या हातातला आहे. ताफ्याची पॉलिसी आपणच विकता आणि नोकरी सुटल्यावर त्याच चालकाला खासगी पॉलिसीही आपणच विकता. ताफ्याच्या पॉलिसीत एवढीच एक अट घाला की विमाधारक कंपनीने घटनांची नोंद चालकाच्या नावाने ठेवावी आणि नोकरी सोडणाऱ्याला, जसा अनुभवाचा दाखला देतात, तसा चालवलेल्या वर्षांचा, किलोमीटरचा आणि घटनांचा एक पानी दाखला द्यावा. जो घटना-अहवाल मी तीनदा भरून दिला त्याच्या तळाशी दोन ओळी वाढवल्या, ‘विम्याचा दावा केला : होय/नाही, रक्कम’, आणि त्याची प्रत चालकाला परत दिली, तरी निम्मे काम होईल.

माझ्यापुरते सांगायचे तर मी त्या संध्याकाळी दोन्ही अर्जांत तिन्ही घटना लिहिल्या. पहिल्या अर्जात त्यासाठी जागा नव्हती, म्हणून पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत ‘कंपनीच्या गाडीवर तीन घटना, कृपया संपर्क करावा’ असे टंकले. कोणी संपर्क केला नाही. त्यांचा हप्ता कमी होता, तरी पॉलिसी मी दुसऱ्या कंपनीची घेतली, जिथे काचेच्या घटनेपुढे रकमेच्या रकान्यात आजही शून्य आहे. पुढच्या महिन्यात तिचे नूतनीकरण आहे, अर्जात तोच रकाना पुन्हा येणार आहे, आणि त्यात काय लिहावे याचे लेखी उत्तर मला आपल्यापैकी कोणाकडून तरी त्याआधी हवे आहे.

कळावे,
आपला,
कंपनीच्या गाड्यांचा एक माजी चालक आणि आता स्वतःच्या पॉलिसीचा विमाधारक